वहिनीची पालकसभा

माझी वहिनी चौतिसाव्या वर्षी हॉस्टेलवर राहायला गेली, तेव्हा आमच्या भटवाडीत पहिली बातमी पसरली ती अशी की सिद्धेशने बायकोला घराबाहेर काढलं. दुसरी अशी की तिनेच त्याला सोडलं. माझं पार्लर गल्लीच्या तोंडाशी आहे, त्यामुळे दोन्ही बातम्या एकाच सकाळी माझ्याकडे आल्या. एक आयब्रो करताना आणि दुसरी फेशियलचा लेप लावलेला असताना. लेपवालीला तोंड हलवायला मनाई होती, तरी ती बोलली. मी दोघींना सांगितलं की रुचिरावहिनी नर्सिंग शिकायला मुलुंडला गेली आहे आणि पहिल्या वर्षाला हॉस्टेल सक्तीचं आहे. दोघींनी मान हलवली, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, नणंद घरची अब्रू झाकतेय.

भटवाडीची माणसं वाईट नाहीत. पण मुलगी पाचवीत गेल्यावर आईने दप्तर उचलायचं, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आमच्याही घरात ते सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं असं नाही.

आमचं घर म्हणजे चार माणसं. बाबा, म्हणजे गुणाजी परब, गिरणीत होते. आधी गिरणी गेली, मग काही वर्षांनी बाबा गेले. मागे राहिली माझी आई रुक्मिणी, माझा मोठा भाऊ सिद्धेश, त्याची बायको रुचिरा आणि त्यांची मुलगी श्रुतिका. सिद्धेश लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याच्या कामाला वेळकाळ नाही. कोणी ना कोणी कुठल्या ना कुठल्या मजल्यावर अडकलेलं असतंच. मी लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे गेले. माहेर इतकं जवळ असलं की त्याचं कौतुक राहत नाही, पण बातम्या मात्र ताज्या मिळतात.

वहिनी माझ्याहून वयाने लहान आणि नात्याने मोठी. हे गणित आमच्या दोघींत कधी नीट सुटलं नाही. ती कणकवलीकडची, बारावी होऊन लग्न करून इथे आली. स्वभावाने शांत. मी एखादी गोष्ट मनात ठेवली तर मला अपचन होतं. ती मनात ठेवते आणि वर झाकण लावते. तिच्याशी भांडायचं म्हटलं तर दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं.

श्रुतिका शाळेत जायला लागल्यापासून वहिनी बाजारातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायची. बाहेरच्या टेबलावर. नंबर द्यायचे, केसपेपर काढायचे, "डॉक्टर आले का" म्हणून विचारणाऱ्याला "निघालेत" असं सांगायचं. आत पडदा आणि पडद्याआड डॉक्टर आणि नर्स. एकदा मी घसा दाखवायला गेले होते. आत कोणाचं तरी ड्रेसिंग चाललं होतं आणि वहिनी पडद्याकडे एकटक बघत होती. मला म्हणाली, "प्रांजल, मला आत जायचंय." मी म्हटलं, मग जा की, मी बसते तुझ्या टेबलावर. ती हसली आणि पुढच्याला नंबर दिला. तिला काय म्हणायचं होतं ते मला वर्षभराने कळलं, जेव्हा तिने घरात सांगितलं की पस्तिशीनंतर नर्सिंगला घेत नाहीत आणि आपलं हे शेवटचं वर्ष आहे.

सिद्धेश "बघ, जमत असेल तर जा" म्हणाला. फीचं त्या दोघांनी कसं जमवलं ते मला विचारू नका, मी विचारलं नाही. पण आई उखडली. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. तिचे गुडघे गेलेले, सिद्धेश सकाळचा गेलेला रात्री येणार, म्हणजे पोरीचा डबा, शाळा, अभ्यास, केसातल्या उवा सगळं तिच्या अंगावर. आणि शिवाय नर्सचं काम म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. लोकांचं हगणंमुतणं काढायला बारावी कशाला हवी, असं तिने तोंडावर विचारलं. वहिनी पोळ्या लाटत होती. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात मी ते केलंच, फक्त तेव्हा नीट कसं करायचं ते कोणी शिकवलं नव्हतं, एवढंच म्हणाली. आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "वरीस काढूची नाय ती. दिवाळीक परत येतली, बघ तू."

आता आईची एक ख्याती सांगायला हवी, कारण पुढे जे घडलं ते तिच्यामुळेच. म्हणजे तिच्यामुळे म्हणणं बरोबर नाही, पण तिच्या शिकवणीतून. दृष्ट काढण्यात माझ्या आईचा भटवाडीत हात धरणारं कोणी नाही. आमच्या मालवणीत दिष्ट. पोर किरकिरायला लागलं, दूध टाकायला लागलं की बाया त्याला कडेवर मारून आमच्या दारात हजर. आई मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेते, पोरावरून उतरवते, आल्याची-गेल्याची, वाटेवरच्याची म्हणत पुटपुटते आणि मूठ तव्यावर टाकते. मी यावर विश्वास ठेवते का? माझ्या पोराला ताप आला की आधी डॉक्टर आणि डॉक्टरकडून परत येताना आईकडे. दोन्हीकडे जाऊन यावं, कोणाचा राग नको. वहिनीला हे सगळं आईनेच शिकवलं होतं, कारण मी शिकले नाही आणि विद्या कोणाच्या तरी हातात जायला हवी.

तर जूनपासून हॉस्टेल सुरू झालं. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलाला जोडलेली शाळा, नियम कडक. वर्गातल्या बाकीच्या मुली अठरा-एकोणीसच्या. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं ही कोणाला तरी सोडायला आलेली आई आहे. वहिनी वह्या-पुस्तकं घेऊन बाकावर बसली तेव्हा गार्गी नावाची एक मुलगी उठून उभी राहिली, बाई आल्या म्हणून. पुढे हीच गार्गी तिची खोलीतली जोडीदार झाली.

पहिले कितीतरी आठवडे त्यांना नुसत्या चादरी घालायला शिकवत होते. मला हसू यायचं. सोळा वर्षं संसार केलेल्या बाईला चादर घालायला कोण शिकवणार? पण वहिनी त्यातच नापास झाली. कारण चादर हातात आली की ती झटकायची. आपण सगळ्याच झटकतो. वॉर्डात चादर झटकायची नसते, धूळ आणि जंतू शेजारच्या आजाऱ्यावर जातात, ती आवाज न करता गुंडाळत काढायची. त्या पोरींच्या हाताला कसलीच सवय नव्हती, त्यामुळे त्या पटकन शिकल्या. वहिनीच्या हाताला आधीच्या सगळ्या सवयी होत्या. घरी शनिवारी यायची तेव्हाही ती आमच्या गादीवरची चादर हळूच गुंडाळून काढायची आणि आई म्हणायची, घाण तशीच रवली गो हिच्यात.

शनिवारी यायला मिळायचं, पण पालकाच्या परवानगीने. हे मला सर्वांत जास्त आवडलं. हॉस्टेलचा नियम सगळ्यांना सारखा. प्रत्येक मुलीला एक पालक हवा, जो बोलावल्यावर हजर राहील. सिद्धेशचा भरवसा नाही म्हणून वहिनीने आईचं नाव दिलं. म्हणजे श्रुतिकाच्या शाळेत वहिनी पालक आणि वहिनीच्या शाळेत माझी आई पालक. मी आईला म्हटलं, आता तुझ्या पोरीचे मार्क कमी आले तर शाळेत तुला ऐकून घ्यावं लागणार. आई म्हणाली, ती माझी पोर नव्हे, सून आहे, आणि मी काही ऐकून घेणार नाही.

दिवाळी आली आणि गेली. वहिनी काही परत आली नाही. सिद्धेश श्रुतिकाची वेणी घालायला शिकला. लिफ्टची केबल आवळावी तशी आवळायचा, पण सुटायची नाही. आईचे गुडघे दुखतच होते आणि ते दुखतायत हे ती दर शनिवारी वहिनीला ऐकवत होती. वहिनी तेल गरम करून तिचे पाय चोळायची आणि चोळता चोळता कुठल्या हाडाला काय म्हणतात ते सांगायची. आईला ते आवडत होतं. पण कबूल करील तर ती माझी आई कसली.

मग जानेवारीत ते झालं.

पहिल्या वर्षाच्या मुलींना लहान मुलांच्या वॉर्डात फक्त चादरी बदलायला आणि टेंपरेचर घ्यायला पाठवत. तिथे एक आठ महिन्यांचं बाळ होतं, न्यूमोनियाचं. त्याची आई मानखुर्दहून आलेली, विशीतली पोर, एकटीच बसून असायची. बाळाचं नाव लवू. हे नाव ऐकलं की माणूस कुठला ते विचारावं लागत नाही. वहिनीने मालवणीत दोन शब्द टाकले आणि त्या पोरीला जीव आल्यासारखं झालं. इतके दिवस ती तिथे सगळ्यांचं हिंदी ऐकत होती.

त्या दुपारी लवू रडायला लागला आणि थांबेना. स्टाफ सिस्टर नव्या पेशंटच्या मागे होत्या. लवूच्या आईने वहिनीचा हात धरला. शेजारच्या खाटेवरची बाई सकाळी लवूला गोबरा म्हणाली होती, तेव्हापासून हा असा, दिष्टच लागली. "तुमका येता काय काढूक?" तिने विचारलं.

वहिनी नाही म्हणू शकली असती. पण सात महिने ज्या बाईला काहीच नीट येत नाही असं ऐकवलं जात होतं, तिला पहिल्यांदा कोणीतरी, तुला हे येतं का, असं विचारत होतं, आणि ते तिला येत होतं. तिने जेवणाच्या ताटातली मिठाची पुडी फोडली, मीठ मुठीत घेऊन लवूवरून उतरवलं, पुटपुटली आणि तवा नाही म्हणून बेसिनमध्ये पाण्याखाली सोडून दिलं. लवू हुंदके देत देत गप्प झाला. रडून दमला होता, झोप लागली. त्याची आई निश्चिंत झाली. वहिनी पुढच्या खाटेच्या चादरीला लागली.

बऱ्याच वेळाने स्टाफ सिस्टर सलाईन बघायला आल्या. लवूच्या हाताला पट्टी बांधलेली होती. ती सोडली तर हात कोपरापर्यंत टम्म फुगलेला. सुई शिरेतून निसटली होती आणि सलाईन कातडीखाली जात होतं. पोर त्यामुळे रडत होतं. सलाईन लावलेलं मूल रडलं की आधी हात बघायचा, हे आदल्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं.

सिस्टरने विचारलं, तेव्हा वहिनीने एका दमात सगळं सांगितलं. मीठ, बेसिन, सगळं. डॉक्टर आले, हात उंचावर बांधला, दुसऱ्या हाताला सुई लावायला लवूला तीनदा टोचावं लागलं. सूज उतरेल, हाताला कायमचं काही होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण लवूची आई काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. ह्या बाईने माझ्या पोराला गप्प केलं आणि हात सुजवला, असं ती येईल त्याला सांगत होती. आणि त्यात खोटं काय होतं?

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. आईने घेतला आणि स्पीकरवर टाकला, कारण तिला फोन कानाला लावलेला आवडत नाही. मी तिथेच होते. वहिनी रडत नव्हती. म्हणाली की मी सोडून येते. शाळेने काढलेलं नाही, मीच अर्ज दिलाय. पण पालक आल्याशिवाय प्राचार्या मॅडम तो घेत नाहीत. तुम्ही येऊन मला घेऊन जा.

मी म्हटलं, वहिनी, अगं एक चूक झाली, पुढच्या वर्षी परत जागा मिळायची नाही, पस्तीस पूर्ण होतील. ती म्हणाली, "प्रांजल, पोर रडत होतं आणि मी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझा माझ्याच हातांवर भरवसा राहिला नाही." मग मलाच पुढे बोलता आलं नाही. मला, म्हणजे विचार करा.

आईने एवढंच विचारलं की पोर कसं आहे. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी रिक्षाने मुलुंडला गेलो. आईने नेसणीतलं चांगलं पातळ काढलं होतं. वाटेत मी मनात म्हणत होते, झालं हिच्या मनासारखं. दिवाळी नाही तर संक्रांत. आता सून घरी येणार, गुडघ्यांना आराम मिळणार आणि आयुष्यभर "मी म्हटलं नव्हतं का" हे ऐकावं लागणार. माझा आईवर राग होता. तो का, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, कारण तिने तोवर काहीच केलं नव्हतं.

प्राचार्यांचं नाव जयंती मॅडम. पन्नाशीच्या पुढच्या, आवाज हळू, पण खोलीत दुसरा आवाज नसावा असा. वहिनी एका कोपऱ्यात उभी होती, पांढऱ्या गणवेशात नाही, घरच्या साडीत, पायाशी भरलेली बॅग. मॅडमनी आईला खुर्ची दिली आणि झालेलं सगळं पुन्हा सांगितलं, काही न वाढवता, काही न झाकता. शिक्षा म्हणून रुचिराला महिनाभर पेशंटला हात लावता येणार नाही, फक्त चादरी आणि कपाटं. त्यानंतर पुढचं. पण ती थांबायला तयार नाही. लग्न झालेल्या मुलींना घरचे लोक कधी ना कधी नेतातच, मी अडवून ठेवत नाही, असं त्या म्हणाल्या. तुम्ही पालक आहात, तुम्ही म्हणाल तसं.

म्हणजे सगळं आईच्या हातात आलं. नुसतं हो म्हणायचं होतं. जूनपासून ती ज्याची वाट बघत होती ते कोणीतरी ताटात वाढून पुढे ठेवलं होतं.

आई मॅडमशी बोललीच नाही. खुर्ची वळवून ती वहिनीकडे बघत म्हणाली, "दिष्ट काढूच्या आदी मी काय करतंय गो?"

वहिनी खाली बघत होती. मग हळू म्हणाली की पोराला उघडं करून बघता.

"कित्याक?"

मुंगी चावली असेल, पिन टोचत असेल, गळू असेल, म्हणून अंगभर बघता, असं वहिनी म्हणाली.

"मगे मीठ आदी कशाक घेतलंस?"

मी इतकी वर्षं आईला दिष्ट काढताना बघितलं, पण ती आधी पोराचे कपडे काढते ते मी कधी मोजलंच नव्हतं. मला तो त्यातलाच विधी वाटायचा. जयंती मॅडम मध्ये पडल्या आणि शांतपणे म्हणाल्या की आजी, बघून झाल्यावरसुद्धा वॉर्डात मीठ चालणार नाही. आईने तेही मान्य केलं. तुमच्या घरात तुमचा रिवाज, म्हणाली. मग उठली आणि म्हणाली की मला ते पोर दाखवा.

मॅडमना काय वाटलं कोण जाणे, पण त्या स्वतः आम्हाला घेऊन गेल्या. वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर लवू आईच्या मांडीवर होता. हात उशीवर ठेवलेला, अजून सुजलेला, बोटं छोट्या केळ्यांसारखी. आई पुढे गेली, वाकून बघितलं, हात लावला नाही. लवूच्या आईने तिला बघू दिलं. पण मागून वहिनी दिसताच तिने पोराला पदरात घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. वहिनी तिथल्या तिथे थांबली. मला तिच्याकडे बघवलं नाही.

आई वॉर्डाच्या दारापर्यंत आली, वहिनीसमोर उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "ता चेडू आपला पोर तुज्या हातात देणा नाय, तोपर्यंत घराक येव नको. शनवारीय नको." चेडू म्हणजे मुलगी, लवूची आई.

मग जयंती मॅडमना नमस्कार केला, अर्ज फाडून टाका म्हणून सांगितलं आणि चालू लागली. मी बॅग उचलायला वळले, तर आई म्हणाली, ती तिथेच राहू दे.

रिक्षात मी तोंड सोडलं. म्हटलं, तुला तर ती घरी हवी होती ना, मग आता आणायची होती. आणि आणायची नव्हती तर निदान चार गोड शब्द बोलायचे. तिला सगळ्यांसमोर असं बाहेर ठेवतेस? आईने मला बोलू दिलं. कांजूरमार्ग मागे पडल्यावर म्हणाली, "आज हाडली असती, तर ती त्या पोराचो सुजलेलो हात घेवनच घराक इली असती. तो हात माका माज्या घरात जन्मभर नको होतो."

मला वाटतं, आईला मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

पुढचे शनिवार वहिनी आली नाही. श्रुतिका आजीशी अबोला धरून बसली. पाचवीतली पोर, आजीने वाढलेलं जेवायची पण बघायची नाही. आई वहिनीचा फोनही घेत नव्हती. पण गार्गी वहिनीचे कपडे न्यायला आली की तिच्याबरोबर डबा जायचा, कुळथाची पिठी, सुकं खोबरं, भाजलेले काजू. मी चिडवलं तर म्हणाली, "घराक येव नको म्हटलंय, उपाशी रव म्हणूक नाय."

गार्गीकडूनच आम्हाला तिकडची खबर मिळायची. वहिनी पुन्हा गणवेश घालायला लागली होती. वॉर्डात चादरी बदलायची, कपाटं पुसायची, पेशंटला हात नाही. लवूच्या आईची तिने माफी मागितली होती एकदा, नंतर काही नाही. मागे लागली नाही, मालवणीत बोलायला गेली नाही. फक्त एक गोष्ट करायची. लवू रडला की हातातली चादर खाली ठेवून सरळ स्टाफ सिस्टरपुढे जाऊन उभी राहायची, खिडकीजवळचं बाळ रडतंय, हात बघा. सिस्टर जाऊन बघायच्या. भूक लागलेली असायची. किंवा लंगोट ओला. पुन्हा रडला की पुन्हा वहिनी पुढे. सिस्टर वैतागल्या. अगं, बाळं रडतात, एकदा म्हणाल्या. हो, वहिनी म्हणाली, पण बघा. गार्गी सांगताना हसत होती, आमच्या मुली तिला आता सायरन म्हणतात म्हणून. आई हसली नाही. तिने गार्गीला विचारलं की हे सगळं त्या पोराच्या आईला ऐकू येतं का. गार्गी म्हणाली, वॉर्ड एवढासा आहे, आजी, सगळ्यांनाच ऐकू येतं.

लवूचा ताप मध्येच उलटला होता, त्यामुळे त्याचा मुक्काम लांबला. सूज मात्र केव्हाच उतरली. घरी सोडायचा दिवस आला तेव्हा त्याचा बाप कामावर होता आणि औषधं आणायला खालच्या खिडकीवर कोणीतरी जायला हवं होतं. हे पुढचं मला वहिनीने स्वतः सांगितलं, नंतर, आणि सांगताना ती पहिल्यांदा रडली.

लवूची आई पोराला कडेवर घेऊन, हातात चिठ्ठी धरून खाटेपाशी उभी होती. स्टाफ सिस्टर समोर होत्या. गार्गी होती, दुसऱ्या दोन मुली होत्या. त्या पोरीने सगळ्यांकडे बघितलं, त्यांच्यामधून वाट काढली आणि वॉर्डाच्या टोकाला, जिथे वहिनी रिकाम्या खाटेवरची चादर गुंडाळत होती, तिथे येऊन उभी राहिली.

"धरशात जरा? मी खालसून औषधां घेवन येतंय."

वहिनीने सिस्टरकडे बघितलं. महिना अजून पुरा झाला नव्हता. सिस्टर कागदातून मान वर न करता म्हणाल्या, धर की, बघतेस काय. वहिनीने चादर ठेवली, हात धुतले, पुसले आणि लवूला घेतलं. त्याची आई मागे न बघता जिना उतरून गेली.

खाली औषधांच्या खिडकीवर त्या दिवशी बरीच मोठी रांग होती. वहिनीला लगेच माझ्या आईला फोन करायचा होता, पण तेवढा सगळा वेळ तिचे हात मोकळे नव्हते.